एकशे सत्तावन्नावी बाई

अब्वोलीनं चारचौघांत आपल्या आईला नावानं हाक मारली, हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खोटारडा ठरवलं असतं. पण मी तिथं दहा पावलांवर उभी होते, हातात मोजणीचा कागद घेऊन.

युगांडातल्या आमच्या टोरो भागात मूल जन्मलं की नावाबरोबर एक लाडनावही ठेवतात. अशी लाडनावं सगळी मिळून डझनभरच आहेत. आई, बाप, नवरा, शेजारी, सगळ्यांना लाडनावानंच बोलवायचं. अनोळखी माणूस भेटला तर आधी लाडनाव विचारायचं आणि मग खुशाली. कागदावरचं नाव हजेरी घेणारी सिस्टर घेते, पोलीस घेतो, नाहीतर वैरी घेतो. माझं लाडनाव अकीकी. मोनिका कबाजुंगू या आमच्या खासदारबाईंचं अब्वोली, आणि तिच्या आईचं अड्येरी.

मी आणि अब्वोली डोंगरावरच्या नन्सच्या शाळेत एका बाकावर होतो. तिचा बाप ती चार वर्षांची असताना गेला. चुलत्यानं जमीन आपल्या ताब्यात घेतली आणि अड्येरीला कोपऱ्यातली एक झोपडी आणि केळीची नऊ झाडं ठेवू दिली, तीही उपकार म्हणून. अड्येरी चहाच्या मळ्यात पानं खुडायची आणि फी भरायची. तिची बोटं कायम हिरवट काळी असत. भेटीच्या रविवारी ती दारात उभी राहायची, आत यायची नाही. अब्वोली धावत जाऊन तिचे तेच हात आपल्या गालांवर ठेवून घ्यायची.

अब्वोलीचं राजकारण आमच्या भोजनगृहात सुरू झालं. सहावीत असताना एका बुधवारी तिनं आपली राजम्याची ताटली उचलली, सरळ मदर सुपिरिअरच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "मदर, यात बत्तीस किडे आहेत. मी दोनदा मोजलेत. तुम्ही मोजता का?" मदरनी चष्मा लावला आणि खरोखरच मोजायला घेतलं. पुढच्या आठवड्यापासून राजमा निवडून शिजायला लागला.

ती शिक्षिका झाली, मग गावच्या परिषदेत महिलांची प्रतिनिधी, मग एकोणचाळिसाव्या वर्षी खासदार. पहिल्या प्रचाराला तिच्याकडं सायकल होती आणि मी होते. माझे यजमान म्हणायचे, "तुमच्या दोघींत उमेदवार कोण, हे पाटीवर लिहून फिरा." कंपालात संसदेत पहिल्याच आठवड्यात एका जाड्या खासदारानं तिला विचारलं, "बाई इथं, मग बाईंचा नवरा घरी काय जेवतो?" ती म्हणाली, "कालचं उरलेलं. तुमच्या घरी रोज ताजं असतं होय? मग तुम्ही घरी इतके कमी का असता?" ते उत्तर रेडिओवर लागलं आणि इथं बाजारात भाजीवाल्या आठवडाभर ते एकमेकींना ऐकवत होत्या.

बावीस वर्षं ती निवडून आली. त्यातली अकरा वर्षं एका कायद्यामागं गेली: नवरा मेल्यावर विधवेला तिच्या राहत्या घरातून सासरच्यांनी काढायचं नाही. दोनदा तो समितीतच अडकला. तिसऱ्यांदा मतदान व्हायच्या आठवड्यात पुरुष खासदारांनी एक अट घातली. जिचं देज, म्हणजे नवऱ्याकडून मुलीच्या माहेरी जायच्या बकऱ्या, पूर्ण पोचलंय किंवा जिचं चर्चमध्ये लग्न लागलंय तिलाच विधवा धरायचं, वाटेल तिला नाही. अब्वोलीनं मला फोन केला. "अकीकी, घेऊ का?"

मी म्हटलं, "अर्धी भाकरी घे. उरलेली पुढच्या वेळी माग."

कायदा झाला. माझ्या रोजनिशीत त्या दिवशीच्या पानावर मी तीन उद्गारचिन्हं दिली आहेत. एरवी मी देत नाही.

मग हे निवडणुकीचं वर्ष आलं. पक्षाचा उमेदवार कोण हे मतपत्रिकेनं नको, रांगा लावून ठरवा, असं वरून आलं. आमच्याकडं ही पद्धत जुनी आहे. मैदानात उमेदवार पुढं उभे राहतात, ज्याला जो हवा त्यानं त्याच्या मागं रांगेत उभं राहायचं, माणसं मोजायची, संपलं. उमेदवारानं तोंड अधिकाऱ्याकडं ठेवायचं. मोजणी होईपर्यंत मागं वळायचं नाही, नजरेनं कुणावर दाब येऊ नये म्हणून. बाकी सगळं गाव मात्र सगळ्यांना बघत असतं.

समोर होता रुहवेझा, लाडनाव अराली. चहाची पानं वाहून नेणारे दोन ट्रक त्याचे. शिक्षण बेताचं, इंग्रजीत भाषण करायचं म्हटलं की खोकला यायचा. आम्ही त्याला हसत होतो. मी तर जास्तच.

वीस ऑगस्ट, गुरुवार. दुपारपर्यंत इतर सगळ्या गावांचे आकडे फोनवर आले. अब्वोली चाळीस माणसांनी पुढं होती. राहिलं होतं फक्त किहोंडो, तिचं माहेर. मोजणी अधिकाऱ्याची मोटारसायकल वाटेत बंद पडली, म्हणून उशीर. आम्ही निर्धास्त होतो. स्वतःच्या गावात कोण हरतं?

रांगा लागल्या तेव्हा मी अब्वोलीची प्रतिनिधी म्हणून अधिकाऱ्याबरोबर चालले. आधी आमची रांग. तो प्रत्येक खांद्याला हात लावून आकडा म्हणायचा, मी माझ्या कागदावर पाचापाचाचे गट पाडायचे. एकशे त्रेचाळीस. मला ते कमी वाटले. ज्या विधवांसाठी अकरा वर्षं भांडण झालं, त्यातल्या मोजक्याच दिसल्या. मला वाटलं, दिरांची भीती असेल, उघड्या मैदानात कोण धाडस करणार?

मग अरालीची रांग. शंभर, सव्वाशे, दीडशे. लोक सावली बघून उभे होते, त्यामुळं रांग आंब्याच्या झाडाखाली वाकडी झाली होती. "एकशे पंचावन्न, एकशे छप्पन्न," अधिकारी म्हणाला आणि पुढच्या खांद्यावर हात ठेवून, "एकशे सत्तावन्न."

ती अड्येरी होती.

ऐंशी वर्षांची बाई, काठीवर दोन्ही हात, डोक्याला चर्चचा निळा रुमाल. माझ्या हातातलं पेन्सिलीचं टोक कागदात घुसून मोडलं. मी म्हटलं, "अड्येरी, तुम्ही चुकीच्या रांगेत आहात. तिकडची, ती तिकडची आपली."

"माझे डोळे चांगले आहेत, अकीकी," ती म्हणाली. "तू मोज तुझं."

"बाई, पुढं चला," अधिकारी म्हणाला. "एकशे अठ्ठावन्न."

पुढचे आकडे मी लिहिले नाहीत. त्या दिवसाच्या माझ्या कागदावर एकशे सत्तावन्नच्या खाली कोरी जागा आहे. शेवटी त्यानंच सांगितलं: एकशे अठ्ठ्याण्णव.

मी मनात वजाबाकी केली आणि पुन्हा केली. पंधरा माणसांनी अब्वोली हरली होती. बावीस वर्षं पंधरा माणसांत गेली.

अधिकाऱ्यानं आकडा पुकारला आणि उमेदवारांना वळायला परवानगी दिली. अब्वोली वळली तेव्हा चेहरा शांत होता. हरण्याची तयारी तिनं बोलण्यात अनेकदा करून दाखवली होती. ती अरालीशी हात मिळवायला निघालीसुद्धा. मग तिची नजर रांगेवरून सरकत आंब्याखाली गेली आणि तिथं थांबली.

ती चालत गेली. घाईनं नाही. आईच्या समोर दोन हात अंतरावर उभी राहिली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाली, "युनिया कबाहेंडा."

कुणाच्या तरी पाठीवरचं तान्हं मूल तेवढं कुरकुरत होतं. म्हाताऱ्या पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या, मयताला काढतात तशा. अराली, आत्ताच जिंकलेला माणूस, पुढं आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अब्वोली, असं नका करू. आई आहे."

अड्येरीनं काठी उचलली आणि घराकडं चालायला लागली. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

गाडीत मी अब्वोलीला म्हटलं, "तू काय केलंस हे तुला कळतंय का?"

"तिनं काय केलं ते नाही विचारलंस," ती म्हणाली, आणि गावात पोचेपर्यंत तोंड खिडकीकडं ठेवून बसली.

आमचे कार्यकर्ते दुसऱ्याच दिवशी उठून उभे राहिले. म्हणाले, हरलो तर हरलो, अपक्ष उभं राहायचं. खरी निवडणूक पेटीतली, गुप्त. तिथं दीर बघत नाहीत, सगळ्या विधवा बाईंनाच मत देतील. फॉर्म भरायची शेवटची तारीख दहा सप्टेंबर, गुरुवार, संध्याकाळी पाच. अब्वोलीत पुन्हा जीव आला. फॉर्मवर दहा सूचकांच्या सह्या मी तीन दिवसांत गोळा करायच्या ठरल्या. एरवी हे एका दुपारचं काम. मला अकरा दिवस लागले.

कारण रेडिओवर दुसराच विषय होता. फोन करून बोलायचा कार्यक्रम लागला की कुणीतरी जाड आवाज काढून विचारायचं, "माननीय मोनिका कबाजुंगू, तुमच्या आईचं नाव सांगा बघू?" आणि मग हशा. बाजारात केळीवालीनं माझ्या तोंडावर म्हटलं, "तुमच्या बाईंना सांगा, आम्ही मत देऊ, पण उद्या आम्हालाही त्या हजेरीनं बोलावतील." जिच्याकडं बावीस वर्षं आम्ही सही घेत होतो ती सुईण म्हणाली, "अकीकी, तुला चहा देते, सही देत नाही."

तेव्हा अब्वोलीनं ठरवलं की आईकडं जाऊन माफी मागायची. मला बरं वाटलं. पण वाटेत ती म्हणाली, "रविवारी चर्चनंतर तिला माझ्याबरोबर बाहेर यायला सांगू. लोकांनी बघायला हवं." ते बरं वाटणं थोडं कमी झालं.

सहा सप्टेंबर, रविवार, सकाळ. अड्येरी झोपडीसमोर चटईवर नाचणी पाखडत बसली होती. अब्वोली गाडीतून उतरली आणि अंगणात गुडघे टेकून बसली. तिचे गुडघे दुखतात, तिला त्रास झाला. आईनं सूप खाली ठेवलं, तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "या. तुमचं लाडनाव काय?"

मी गाडीच्या दाराला धरून उभी राहिले. हा प्रश्न आम्ही रस्त्यात भेटलेल्या परक्याला विचारतो. ज्या बाईनं हे लाडनाव स्वतः ठेवलं तीच ते विचारत होती.

अब्वोलीनं मान खाली घातली. म्हणाली, "अब्वोली."

"अब्वोली. मी अड्येरी. बरं आहे ना घरी सगळं?"

"अड्येरी, माझं चुकलं."

"चुकलं ते लोकांना कळलंय. तुला कळलंय का, ते बघायचंय." अड्येरीनं सूप पुन्हा उचललं. "तू विचारलं नाहीस मी तिथं का उभी होते."

"चुलत्याच्या भीतीनं. मला माहीत आहे. म्हणून तर गुप्त मतदानात…"

"भीती?" म्हातारी हसली. खरोखर हसली. "पन्नास वर्षं मी त्याच्या अंगणात राहते. आता कसली भीती? तो मेला तरी मी इथं, मी मेले तरी इथंच. मी माझ्या मनानं गेले त्या रांगेत."

अब्वोलीनं माझ्याकडं बघितलं, जणू मी काही लपवलं होतं.

"तुझ्या बहिणीची अटेनी आठवते?" आई म्हणाली. "की तिचं कागदावरचं नाव सांगू?"

अटेनी म्हणजे अब्वोलीच्या वारलेल्या धाकट्या बहिणीची मुलगी, कागदावर रोझेट. तिचा नवरा एप्रिलमध्ये भाड्याच्या मोटारसायकलवरून पडून गेला, हे आम्हा दोघींना माहीत होतं. अब्वोलीनं शवपेटीचे पैसे पाठवले होते. अधिवेशन चालू होतं म्हणून ती स्वतः गेली नव्हती.

"मातीच्या तिसऱ्या दिवशी दिरांनी घराला कुलूप लावलं," अड्येरी म्हणाली. "पोरगी दोन लेकरं घेऊन बाहेर. म्हणे, देज पुरं पोचलं नव्हतं. सहा बकऱ्या ठरल्या होत्या, पाच आल्या. सहावी त्यांनी मुद्दाम ठेवून घेतली. आता सगळे तेच करतात. तुझा कायदा आल्यापासून किहोंडोत एकाही मुलीचं देज पुरं झालेलं नाही. एक बकरी मागं ठेवायची. नवरा मेला की बाई मोकळी, घर मोकळं. पूर्वी निदान लाज वाटायची त्यांना. आता कागद दाखवतात."

"अर्धी भाकरी घे," असं फोनवर कुणी म्हटलं होतं ते अंगणात फक्त मला आणि अब्वोलीला माहीत होतं. तिनं तेव्हाही माझं नाव घेतलं नाही, नंतरही नाही.

"मला कुणी सांगितलं नाही," ती पुटपुटली.

"मी सांगितलं. मे महिन्यात. शेजाऱ्याच्या फोनवरून. तू म्हणालीस, अड्येरी, कायदा आहे, कोर्टात जा, माझ्या सेक्रेटरीशी बोला. मी बोलले सेक्रेटरीशी. त्यानं माझं नाव विचारलं, आणि गावाचं स्पेलिंग." सुपातली नाचणी एकदा उडाली आणि खाली आली. "मग अराली पानं न्यायला आला होता. त्याला कुणीतरी सांगितलं. तो त्यांच्या अंगणात गेला आणि दोन तास बसला. कायदा बोलला नाही, त्याला येतच नाही. नुसता बसला. ते चिडले, ते जेवायला आत गेले, परत आले, हा बसलेलाच. कुलूप काढलं त्यांनी. पिकं निघेपर्यंत, म्हणाले. मग वंशाची माणसं बसून ठरवणार. म्हणून मी त्याच्या मागं उभी राहिले. माझ्या नातीसाठी जो बसला त्याच्यासाठी मी उभी राहिले."

मग अब्वोलीनं विचारलं, "वंशाची माणसं कधी बसणार?"

"गुरुवारी. दुपारी."

"या गुरुवारी?" अब्वोलीनं डोळे मिटले. "गुरुवारी माझा फॉर्म आहे. स्वतः सही करायला लागते, अधिकाऱ्यासमोर."

"मग तू फॉर्म भर," आई म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आम्ही आहोत."

रविवारी चर्चबाहेर एकत्र दिसण्याची गोष्ट कुणी काढलीच नाही.

दहा सप्टेंबर. मी सकाळी नऊला फाइल घेऊन निवडणूक कार्यालयात हजर झाले. दहा सह्या होत्या. शेवटची माझ्या धाकट्या जावेची, तीही रडून मिळवलेली. अब्वोली म्हणाली होती की ती दोनपर्यंत येते. दोन वाजले. फोन बंद. तीनला कार्यकर्ते यायला लागले, बाहेर ढोलही आला. चारला अधिकाऱ्यानं विचारलं, "बाई, तुमच्या उमेदवार?"

"येतायत," मी म्हटलं. मला ते खरंच वाटत होतं. बावीस वर्षांत ती एकाही फॉर्मला उशिरा आली नव्हती. पैशाची अडचण, नवऱ्याचं आजारपण, गुडघ्यांचं दुखणं आडवं आलं, तरी तिनं फॉर्म कधी चुकवला नाही.

पाच वाजता अधिकाऱ्यानं खिडकी लावली. ढोलवाल्यानं मला विचारलं, "अकीकी, वाजवू का नको?" मी फाइल काखेत मारली आणि बाहेर पडले. 

सहाला मी किहोंडोला पोचले. अटेनीच्या दिरांचं अंगण माणसांनी भरलेलं. अब्वोली मध्येच चटईवर बसली होती, चांगल्या कपड्यांत, फॉर्मसाठी नेसलेल्या. बूट बाजूला. तिच्या एका बाजूला अड्येरी, दुसऱ्या बाजूला अटेनी आणि मांडीवर झोपलेलं धाकटं लेकरू. समोर थोरला दीर हात झाडत होता.

"माननीय बाई, कायद्यात असं लिहिलंय की…"

"मी आता माननीय नाही," अब्वोली म्हणाली. "पाच वाजून गेलेत. आणि त्या कायद्यात काय लिहिलंय ते मला माहीत आहे. मीच ते लिहू दिलं. मी चुकीचं लिहू दिलं, हे तुमच्या सगळ्यांसमोर सांगते. आता मी या मुलीची मावशी म्हणून बसले आहे. सहावी बकरी मी आणलीय, दाराशी बांधलीय. ती तुमच्या हातानं अड्येरीला द्या, म्हणजे देज पुरं झालं, नाहीतर सांगा का देत नाही."

"मेलेल्या माणसाचं देज कोण देतं?"

"तुम्ही देणार. आम्ही बसतो."

ते तयार होत नव्हते. अंधार पडायला लागला. कुणी आत जाऊन जेवून आलं. आम्हाला कुणी विचारलं नाही. मी कडेला बसले, फाइल पायाखाली ठेवून. अब्वोलीचे गुडघे थरथरताना मला दिसत होते. अड्येरीनं न बघता हात लांब केला, तिचा एक पाय सरळ केला आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "अब्वोली, अशी बस. वेळ लागणार आहे."